वाटेवरच्या माणसाला

"नाही, नाही, त्यांना सांगू नकोस," गाव्रील फोनवर म्हणाला. मी ट्रकखाली पाठीवर पडलो होतो, तिथे माझ्या हातातला पाना थांबला. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. लोकरीच्या नमद्याचे करडे बूट, उजव्याची टाच नवीन शिवलेली. ते बूट गॅरेजच्या दाराकडे चार पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. दारापाशी आवाज बारीक झाला. "हो. मी आहे ना. ते कामात आहेत. ठेव आता." मग बूट ट्रकपाशी आले आणि तो वाकून मोठ्याने म्हणाला, "दाजी, झोप लागली की काय? स्प्रिंगचे पाटे बघताय की स्वप्नं?"

"पाटे बघतोय," मी म्हणालो. "फोन कुणाचा?"

"कुणाचा नाही. एक जण ताडपत्री मागत होता."

ताडपत्री मागणाऱ्याला कुणी 'त्यांना सांगू नकोस' म्हणत नाही. मी पाना पुन्हा नटावर बसवला, पण कुठला आवळला आणि कुठला राहिला ते विसरलो, म्हणून पहिल्यापासून सगळे आवळले. पाठीखाली वर्तमानपत्रं पसरली होती, तरी गारठा अंगात शिरत होता. गॅरेज कितीही तापवलं तरी जमीन तापत नाही. मला राग आला असं नाही. तो इतकं सहज खोटं बोलला याचं नवलही वाटलं नाही. गेल्या फेब्रुवारीत तो माझ्याशी सलग चार दिवस खोटं बोलला होता आणि त्या चार दिवसांत मला एकदाही शंका आली नव्हती. आज आली ती मला त्याचे फक्त बूट दिसत होते म्हणून. तोंड दिसलं असतं तर आजही मी ताडपत्रीवर विश्वास ठेवला असता.

गाव्रील माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, आन्फिसाचा, धाकटा भाऊ. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आन्फिसानेच त्याला वाढवलं, आणि आमचं लग्न झालं तेव्हा तो तिच्याबरोबरच माझ्या घरी आला, एक गोणपाटाची पिशवी आणि एक कुत्रा घेऊन. ट्रक मीच त्याला शिकवला. चौदा हिवाळे आम्ही बरोबर खेपा केल्या, दोन ट्रक, पुढे मी आणि मागे तो. तिकडे एकट्याने कुणी जात नाही. लेना नदी ओलांडली, खांडिगा गाव मागे टाकलं आणि डोंगर चढला, की दिवस दिवस माणूस दिसत नाही. उणे पन्नासात इंजिन बंद पडलं तर माणसाच्या हातात तीन-चार तास असतात. दुसरा ट्रक म्हणजे दुसरं इंजिन, दुसरी शेगडी, दुसरे दोन हात. पुढे इंदिगिर्का नदीवर गोठलेल्या पाण्याचाच रस्ता असतो, पार उत्तरेच्या समुद्राजवळच्या गावापर्यंत. एप्रिलमध्ये तो रस्ता वितळतो, म्हणून तिथलं पीठ, साखर, रंग, शाळेची बाकं, सगळं त्याआधी पोचवायचं. उद्या सकाळी आम्ही निघणार होतो. आन्फिसा गेल्यानंतरची ही माझी पहिली खेप. वर्षभर मी याकुत्स्कमध्येच पाण्याचा टँकर चालवला. दिवसभर त्याच त्या आठ गल्ल्या, आणि प्रत्येक दारात कुणीतरी बादली घेऊन उभं. त्यांच्यातली एखादी बाई म्हणायची, तुमच्या बायकोचं ऐकलं हो. मी नळी धरून उभा असायचो, नळी सोडता येत नसे, त्यामुळे तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकावं लागायचं.

आमच्या ट्रकवाल्यांत एक रीत आहे. वाटेवरच्या माणसाला वाईट बातमी सांगायची नाही. घरी कुणी आजारी पडलं, घर जळलं, कुणी मेलं, तरी नाही. वाटेवरच्या कुठल्याही गावातून त्याने फोन केला की घरचे म्हणतात, सगळं ठीक, सावकाश या. त्याच्या जोडीदाराला तेवढं कळवतात, म्हणजे तो लक्ष ठेवील. बाकी जे काय असेल ते दारात आल्यावर. मीही हे केलेलं आहे. निकोन नावाचा एक जण होता, त्याचं घर जळून गेलेलं मला ठाऊक होतं आणि मी त्याच्याबरोबर एका खोपटात बसून चहा प्यालो. तो घराला नवी खिडकी लावणार होता. केवढी, कुठल्या बाजूला, सगळं सांगत होता. मी विचारलं, काच एकेरी की दुहेरी? दुहेरीच रे, तो म्हणाला. घरी येऊन मी आन्फिसाला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं केलंस. आपण चोख वागलो असंच मलाही वाटत होतं.

ट्रकखालून बाहेर आलो तर गाव्रील इंजिनाच्या झाकणावर गोधडी बांधत होता. ही जाड नमद्याची गोधडी आन्फिसाने शिवलेली, चारी कोपऱ्यांना चामड्याचे पट्टे. वाऱ्याने रेडिएटर गोठू नये म्हणून ती पुढून बांधतात. तो पट्टा ओढत होता आणि दातांत दुसरा पट्टा धरला होता. बहिणीसारखीच त्याची हनुवटी आहे, मधे खळी असलेली. मी दुसऱ्या बाजूला गेलो आणि माझ्या बाजूचा पट्टा ओढला. फोनचं विचारायचं होतं. विचारलं की तो सांगेल, सगळं ठीक. मग मी काय करणार? गेल्या वर्षी तेच तर ऐकलं होतं.

गेल्या वर्षी माल उतरवून आम्ही परत येत होतो. वाटेत नदीकाठच्या एका गावात डिझेल मिळतं आणि फोन लागतो. माझ्या मागच्या चाकाचं बेअरिंग गोठलं होतं, मी दिव्याची ज्योत लावून ते तापवत बसलो होतो, म्हणून गाव्रील एकटाच फोन करायला गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या भुवयांवर आणि पापण्यांवर बर्फ साचला होता. मी म्हणालो, कुठे होतास एवढा वेळ, रांग होती काय? तो म्हणाला, रांग होती. घरचे काय म्हणतात? सगळं ठीक. तुझी ताई काय म्हणते? त्याने दिवा माझ्या हातातून घेतला, ज्योत बारीक केली आणि म्हणाला, "ताई म्हणाली, येताना मासे आणा." मी हसलो. दर खेपेला ती हेच म्हणायची. तिथल्या थंड पाण्यातला चरबीदार मासा शहरात मिळतो, पण त्याला चव नाही असं तिचं म्हणणं. मी त्या गावातल्या एका म्हाताऱ्याकडून एक पोतं मासे घेतले, गोठून लाकडासारखे कडक झालेले, आणि सगळ्यांत मोठे चार वेगळे बांधून ठेवले. त्या दिवशी शुक्रवार होता. आन्फिसा मंगळवारी गेली होती. मी मासे निवडत होतो त्याच दुपारी तिला पुरलं.

पुढचे चार दिवस आम्ही वायरलेसवर बोलत होतो. पुढच्याने दर अर्ध्या तासाने हाक द्यायची आणि मागच्याने उत्तर द्यायचं, झोप लागू नये म्हणून. तो नेहमीसारखाच बोलत होता. दाजी, डावीकडे बघा, लांडग्याची पावलं. दाजी, तुमचा मागचा दिवा मिचमिचतोय, कुणाला डोळा मारताय? तिसऱ्या दिवशी मला फार पेंग येत होती. मी म्हणालो, काहीतरी बोल रे, डोळे मिटतायत. तेव्हा त्याने त्याच्या मामाची गोष्ट सांगितली. मामाने लांडग्याच्या कातड्याची नवी टोपी घेतली, पिऊन घरी आला, तर त्याचा स्वतःचाच कुत्रा त्याच्यावर भुंकायला लागला. मामालाही राग आला, तोही कुत्र्यावर भुंकायला लागला. मामी दार उघडून बाहेर आली, दोघांकडे बघितलं आणि दोघांनाही एकेक हाड टाकून आत गेली. मी एवढा हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला मला ट्रक हळू करावा लागला. त्याचंही हसणं मला वायरलेसवर ऐकू आलं. मासे एक वेळ जाऊ देत. मासे त्याने सांगितले म्हणून मी घेतले. पण हसलो तो मी. बायको जमिनीत आणि मी एकटा केबिनमध्ये मांडीवर थापा मारत हसतोय. वर्षभर टँकर चालवताना मधेच मला ती मामी आठवायची, हाड टाकणारी, आणि ओठ हसण्यासारखे व्हायचे. मग मी गाडी कडेला घ्यायचो.

"दाजी, रसा कुठे ठेवलाय?" गाव्रील विचारत होता.

"मागच्या पडवीत."

आम्ही माझा ट्रक बाहेर काढून त्याच्या ट्रकपाशी चालूच ठेवला आणि पडवीकडे गेलो. अकरा वाजले होते, उजेड होता, पण धुकं इतकं दाट की आवाराचं फाटक दिसत नव्हतं. आमच्या गावात उणे पंचेचाळीसच्या खाली गेलं की माणसांचे, गाड्यांचे, धुराड्यांचे श्वास वर जात नाहीत, तिथेच लटकून राहतात. पहारेकरी स्पिरिदोनकाका फाटकापाशी असणार, तो फक्त खोकल्यावरून कळत होता. सत्तरीचा माणूस, त्याच्या आवारातून निघालेला प्रत्येक ट्रक त्याला तोंडपाठ.

"कोण तिकडं?" तो ओरडला.

"आम्हीच, काका."

"गाव्रील, तू दाजींना नेतोयस का दाजी तुला?"

"मला दाजी नेतात, काका. मी त्यांना परत आणतो."

काका खो खो हसला. मी रशाची ताटं उचलली. मोठ्या भांड्यात घोड्याच्या मटणाचा रसा करायचा, पसरट ताटांत ओतून बाहेर ठेवायचा, तासाभरात दगड होतो. वाटेत कुऱ्हाडीने तुकडा तोडून पातेल्यात टाकला की जेवण झालं. हे आन्फिसा करायची, या वेळी मी केलं होतं. गाव्रीलने कडेचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"दाजी, यात मीठ कुठंय?"

"तुझ्या तोंडात आहे भरपूर. ते घाल."

"चिडताय कशाला? ताई पण पहिल्या वर्षी असाच करायची. विचारा कुणालाही."

मी ताटं गोणपाटात गुंडाळत होतो, ती खाली ठेवली. "गाव्रील. फोन आइताचा होता."

त्याने तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. "कोण म्हणालं?"

"'सांगू नकोस' म्हणालास. 'ठेव आता' म्हणालास. असं लाडाने तू एकाच माणसाशी बोलतोस."

आइता माझी मुलगी. आठवा महिना लागला होता तिला. गाव्रीलने हातमोजा काढला, नाक पुसलं, हातमोजा घातला. उघडा हात तेवढ्यात लाल झाला. "सकाळी दवाखान्यात ठेवून घेतलंय," तो म्हणाला. "रक्तदाब वाढलाय. पाय सुजलेत. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही हे तू कुणाला सांगतोयस?"

"तुम्हाला."

मी तिथेच उभा राहून आइताला फोन लावला. थंडीत फोन लगेच मरतो, म्हणून तो टोपीच्या आत, कानाला चिकटवून धरला. ती म्हणाली, "मला नको म्हणाला आणि मामाने स्वतःच सांगितलं ना शेवटी! पोटात काही राहत नाही त्याच्या." मी म्हणालो, काय झालंय? "रक्तदाब, बाबा. गोळ्या दिल्यात. पडून राहायचं, बस." खरं? "खरं." अजून काय आहे? "अजून म्हणजे? इथलं जेवण वाईट आहे." तिच्या बोलण्यामागे एक ढकलगाडी गेली, चाक करकरत, कुणी बाई हसली, कुणीतरी दार लावलं. मी ते सगळं ऐकत राहिलो. तिच्या शब्दांपेक्षा त्या आवाजांवर माझं जास्त लक्ष होतं, जणू ती बाई चुकून खरं बोलून जाईल. डॉक्टरांना दे, मी म्हणालो. "बाबा, मी खरं सांगितलं तरी तुम्ही विचारतच राहणार. मग सांगून उपयोग काय?" आणि फोन बंद पडला. तिने ठेवला की थंडीने गेला, कळलं नाही.

मागच्या वर्षी घरी पोचलो तेव्हा दारात बूट होते. इतके बूट की माझे ठेवायला जागा नव्हती. खांद्यावर माशांचं पोतं. आइता बाहेर आली आणि तिने आधी पोत्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे नंतर. मला कुणीच काही सांगितलं नाही. सांगायची गरजच कुणाला वाटली नाही, दारापर्यंत आल्यावर माणसाला कळतंच. गाव्रील मागे जिन्यात उभा होता. तो पुढे आला नाही. शेजारणीने पोतं माझ्या खांद्यावरून उतरवून घेतलं आणि त्यातल्याच माशांवर त्या दिवशी आलेल्या माणसांचं जेवण झालं. मीही खाल्लं. चव चांगली होती हे मला आठवतं, आणि ते का आठवावं ते कळत नाही. कबर खणायला जमीन दोन दिवस कोळसे पेटवून तापवावी लागली, हे मला पुढे कुणाकुणाच्या बोलण्यातून समजलं. एकाने कोळसा आणला, एकाने राख उपसली. आपापलं काम प्रत्येकाने सांगितलं. ती गेली हे वाक्य मात्र मला कुणी म्हटलेलं नाही.

"अजून आपण वाटेवर नाही," मी गाव्रीलला म्हणालो. "अजून गावात आहोत. मग का लपवलंस?"

"ट्रक भरायला घेतला की माणूस वाटेवर, दाजी. हे ताईनेच मला शिकवलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा कुत्रा मेला होता आदल्या दिवशी. तिने सांगितलं, शेजाऱ्याकडे बांधलाय."

"कुत्र्याचं सांगू नकोस मला."

"बरं."

"तिकडे गेल्यावर आइताचं काही आलं, तर तू मला सांगायचं. आत्ता कबूल कर."

"नाही."

"कबूल कर म्हणतोय ना!"

"नाही करणार. तुम्हाला हवं तर दुसरा जोडीदार बघा."

"बघतो."

"बघा. पण मी हो म्हणून तिकडे जाऊन पलटणार नाही. नाही म्हणजे नाही. इथेच सांगतोय, तोंडावर." त्याचा आवाज चढला होता, आणि धुक्यात स्पिरिदोनकाकाचा खोकला थांबला. काका ऐकत होता. गाव्रील जवळ आला. "दाजी, तुम्हाला वाटतं मला मजा आली?"

"हसत होतास. ऐकलंय मी."

त्याने रशाची सगळी ताटं एकदम उचलली, हनुवटीने दाबून धरली आणि माझ्या ट्रककडे चालू लागला. चार पावलांवर तो दिसेनासा झाला. बर्फावर त्याचे बूट करकरत होते तेवढं ऐकू येत होतं. मी ठरवलं, आत जायचं आणि मालवाल्याला सांगायचं, मी येत नाही. दुसरा ड्रायव्हर दोन दिवसांत मिळणार नव्हता, म्हणजे गाव्रीलचीही खेप गेली, तिकडच्या गावाचं पीठही अडकलं. अडकू दे. मी टँकर चालवीन, संध्याकाळी दवाखान्यात जाईन, ती ढकलगाडी आणि ती हसणारी बाई डोळ्यांनी बघीन. आणि रात्री घरी जाऊन त्याच स्वयंपाकघरात बसेन. हे शेवटचं मनात आलं तेव्हा मी आत जाता जाता थांबलो. घरात बसून मला खरी बातमी कळेल, हे कशावरून? मी गावातच असताना आइता मला म्हणाली, जेवण वाईट आहे.

"दाजी!" गाव्रील त्याच्या ट्रकमधून ओरडला. "कुणी का जाईना, वायरलेस तपासून घेऊ. तुमचा गेल्या वर्षी खरखरत होता."

दोन्ही ट्रक बाहेर चालूच होते. हिवाळ्यात बाहेर उभ्या ट्रकचं इंजिन आम्ही बंद करत नाही. मी माझ्या केबिनमध्ये चढलो, दार ओढलं. आत ऊब होती, तेलाचा आणि जुन्या नमद्याचा वास होता. समोर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. गाव्रीलचा ट्रक वीस पावलांवर असेल, त्याचे दोन दिवे पिवळट डागांसारखे दिसत होते, कधी तेही नाही. नदीवर असंच असतं. मी वायरलेस सुरू केला.

"दाजी, ऐकू येतंय?"

"येतंय."

"खरखर?"

"नाही."

"माझा?"

"नीट आहे."

तेवढंच काम होतं. उतरायला हरकत नव्हती. पण मी बटण सोडलं नाही, आणि तोही उतरला नाही, कारण दाराचा आवाज आला नाही. समोरच्या पांढऱ्यात बघत मी म्हणालो, "गाव्रील. त्या दिवशी तू फोन करून आलास, तेव्हा सांगायचं ठरवलं असतंस तर काय म्हणाला असतास?"

मी बटण सोडलं. मग त्याचं बटण दाबल्याचा टक्क असा आवाज आला आणि पुन्हा सुटल्याचा. पुन्हा टक्क.

"चार दिवस मी तेच जुळवत होतो," तो म्हणाला. "तुमच्याशी बोलायचो, बटण सोडायचो आणि मोठ्याने म्हणून बघायचो. काचेकडे बघून. तुमचा मागचा दिवा समोर असायचा. कधी ओरडून म्हणायचो, कधी हळू. मग तुम्ही हाक द्यायचात."

"म्हण."

"दाजी, नको."

"आत्ता म्हण. इथं नदी नाही."

टक्क. श्वास ऐकू आला. मग त्याचा आवाज आला, आणि तो मी चौदा वर्षांत कधी ऐकलेला नव्हता. लहान मुलगा काहीतरी फोडून आल्यावर बोलतो तसा.

"दाजी, ताई गेली. मंगळवारी दुपारी. डोक्यातली शीर फुटली. स्वयंपाकघरात पडली. आइता कामावरून आली तेव्हा किटलीतलं पाणी आटून किटली जळत होती. ताई गेली, दाजी. आज तिला नेतायत. आपण दोघंही नाही."

मी ऐकलं. मला सगळं ठाऊकच होतं. दिवस, स्वयंपाकघर, किटली, सगळं. ती किटली अजून माझ्याकडे आहे, बुडाला काळी. मी स्वतःला म्हणत होतो, हे जुनं आहे, हे वर्षापूर्वीचं आहे. आणि कुठेतरी फार मोठा आवाज होत होता. केबिन थरथरत होती, काचेवरचा बर्फ सुटून खाली पडत होता, स्टिअरिंग माझ्या छातीत रुतलं होतं. कुणाचा ट्रक आहे हा, इतका का ओढतोय, मी विचार करत होतो. वायरलेसमधून गाव्रील ओरडत होता, ते आधी शब्द वाटलेच नाहीत.

"दाजी, पाय! पाय काढा! दाजी, पाय!"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय ऍक्सिलरेटरवर होता, तळापर्यंत दाबलेला, गुडघा ताठ. मी तो तिथे ठेवला नव्हता. मी तो काढायला गेलो तर निघेना. दोन्ही हातांनी मांडी धरून मी तो उचलला आणि बाजूला ठेवला. इंजिन खाली आलं. ट्रक जागचा हलला नव्हता, गियर पडलेला नव्हता, चाकांखाली दगड होते. मी पायाकडे बघत बसलो. भरलेला ट्रक नदीवर माणसाच्या चालीने न्यावा लागतो, दार उघडं ठेवून. वेग वाढला की खालचं पाणी लाट होऊन पुढे धावतं आणि पुढचा बर्फ आतून उचलून फोडतं. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. आणि मागचा ट्रक, ज्यात गाव्रील होता, तो थांबता थांबता त्याच भोकात येतो. हे मीच त्याला शिकवलं होतं, त्याच्या पहिल्या खेपेला, त्याचा कुत्रा मेला होता आणि त्याला ठाऊक नव्हतं तेव्हा.

"पाय काढला?" गाव्रीलने विचारलं.

"काढला."

मग वायरलेसमधून काहीच येईना. दोघांचीही बटणं दाबलेली असली तर कुणालाच काही ऐकू येत नाही, तसं असेल. थोड्या वेळाने मी माझं सोडलं. त्याच्या बाजूने रडणं ऐकू आलं, आणि ते मी पूर्ण ऐकलं. शेवटी त्याने नाक ओढलं.

"आइताचं काही आलं," मी म्हणालो, "तर घरी पोचल्यावर सांग."

टक्क. "हो, दाजी."

केबिनच्या दारावर कुणीतरी काठीने ठोकत होतं. मी दार ढकललं. खाली स्पिरिदोनकाका उभा होता, धुक्यातून धावत आल्यामुळे धापा टाकत. त्याच्या मिशांना बर्फाचे लोलक लटकले होते. "अरे, काय झालं?" तो ओरडला. "इंजिन फोडतोस काय? काय झालं काय, तेरेन्ती?"

"माझी बायको गेली," मी म्हणालो.

हे मी आधी कुणालाच म्हटलं नव्हतं. काकाने माझ्याकडे बघितलं. त्याला वर्षभर ठाऊक होतं. कबरीची राख उपसायला तो स्वतः होता. त्याने काठी काखेत धरली, हात वर नेला आणि टोपी काढली. उणे सत्तेचाळीस होतं. त्याच्या टक्कल पडलेल्या डोक्यावरून वाफ निघाली.

"टोपी घाला काका," मी म्हणालो. "कान जातील."

त्याने ती लगेच घातली नाही.